दोन तासांचं कुलूप

पाली गावात नांदायला आल्यापासून सारिकानं सापही बघितले आणि गडाखालची काळीकुट्ट रानंही बघितली, पण ती कधी डगमगली नाही. तिला भ्या होतं ते एका कुलपाचं. रोज सकाळी साडेसहाला सासूला, म्हणजे भामाबाईंना, घरात ठेवून ती बाहेरून कुलूप घालायची. करणार काय? म्हातारीला हल्ली कशाचीच आठवण राहत नव्हती. एकदा दार उघडं राहिलं, तर ती भरलेल्या ओढ्याच्या काठावर सापडली. नवरा जगन पहाटे दुधाचा टेम्पो घेऊन जायचा, तो साडेआठला परतायचा. मधले दोन तास म्हातारी कोंडलेली. आत पडली तर? चुलीतला जाळ लुगड्याला लागला तर? नसरापूरजवळच्या मसाल्याच्या कारखान्यात वजनकाट्यावर पुड्या भरताना सारिकाच्या डोळ्यांपुढं हेच नाचायचं.

कारखान्यात दोन शिफ्टा, एक आठची, एक दहाची. सारिका आठची. दहाची मिळाली तर जगन घरी आल्यावरच तिला निघता आलं असतं. पण मागायचं कुणाच्या जिवावर? गेल्या वर्षी फुलाबाईनं नुसतं विचारलं, "तासभर उशिरा येऊ का?" तिला दुसऱ्या दिवसापासून घरीच बसवलं. तेव्हापासून मॅनेजरच्या केबिनसमोरून जाताना बाया चपलासुद्धा वाजू देत नव्हत्या.

अखेर तोंड उघडलं ते रत्नानं. रत्नाही काट्यावर पुड्याच भरायची, पण दहाच्या शिफ्टला. संध्याकाळी सुटल्यावर तिला एसटी मिळायची नाही, अंधारात वाडीपर्यंत एकटीनं चालावं लागायचं.

"भातलावणीला सावड करतो का न्हाई आपण?" ती म्हणाली. "आज मी तुज्या खाचरात, उद्या तू माज्या. तसंच करू. तुजं आठ मला दे, माजं दहा तू घे. तुला कुठं अंधाराचं भ्या हाय!"

"सायेब हाकलून देतील गं!"

"मग ठेव म्हातारीला कोंडून."

सारिकाला राग आला, पण रत्ना खोटं बोलत नव्हती. दुपारी दोघी केबिनमध्ये गेल्या. मॅनेजर इंद्रजितनं मान वर केली. सारिकानं कसंबसं सगळं सांगितलं.

"आज तुम्ही, उद्या सगळ्या," तो म्हणाला. "कारखाना चालवायचा की जत्रा भरवायची?"

अहो, रत्ना एवढी तोंडाळ बाई, पण ऐन वेळी फरशीकडं बघत उभी! मग सारिकाच बोलून गेली, "सायेब, सावडीत माणूस बदलतं, खाचर मोकळं ऱ्हात न्हाई. एक दिवस जरी काटा मोकळा दिसला, तर दोघींना काढा."

आपल्याबरोबर रत्नाची भाकरीही तिनं पणाला लावली होती. इंद्रजितनं टेबलावर पेन आपटलं. मग म्हणाला, "एक महिना बघतो. खाडा झाला की दोघी घरी. उद्यापासून या."

घरी येईपर्यंत तिचे पाय जमिनीवर नव्हते. भामाबाई दारात बसल्या होत्या, आज चांगल्या शुद्धीत होत्या.

"आत्या, उद्यापासून तुमाला कोंडणार न्हाई. म्या सायबाकडून वेळ बदलून घेतली. ह्ये आल्यावरच निघंन."

तिला वाटलं, म्हातारी तोंडावरून हात फिरवील. पण भामाबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"कुलूप काढू नगंस," त्या म्हणाल्या. "त्या दिशी वढ्यावर कशी गेले, मला ठावं न्हाई बग. जगन पहाटेपासनं जागा असतो, घरी आला की डोळा लागतो त्याचा, अन् दार उघडंच ऱ्हातं. मला माजंच भ्या वाटतंय गं पोरी. कुलूप असलं की तेवढं दोन तास तरी मी निवांत असते."

सारिका तिथंच उंबऱ्याशी बसली. मनगट काही तिनं सोडवून घेतलं नाही.