ओल्या हातानं निवडलेला चाकू

अन्याय माझ्या आत्यावर झाला. मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, तिवस्याच्या एका सभागृहात, सगळ्या बायांसमोर. ती बसून मासा कापते म्हणून तिला नापास केलं.

कापसानं दगा दिला होता ते दिवस. शेततळी खोदा, मासे सोडा, बायांनी ते साफ करून विका, असा उपदेश वरून येत होता. आत्या लग्नाआधीपासून मासेच विकत आलेली. तरी नव्या बाजारात ओटा हवा असेल तर प्रशिक्षणाचा दाखला आणा, असा नियम निघाला. रस्त्यावरून तिची टोपली आधीच उठवली होती. ओटा नाही तर धंदा नाही, इतकं सरळ.

शिकवायला समुद्राकडचे एक सर आले होते. टेबलाशी उभं राहायचं आणि लांब, पातळ चाकूनं माशाच्या दोन्ही बाजू हाडावरून सोलून काढायच्या, ही त्यांची पद्धत. परीक्षेला प्रत्येकीला एक रोहू दिला. आत्यानं खाली बसून पावशी, म्हणजे आमच्याकडची विळी, पायाखाली दाबली आणि बाकीच्या चाकू न्याहाळत होत्या तोवर तुकडे करून मोकळी झाली. सरांनी कागदावर फुली मारली. "ही पद्धत जुनी झाली, बाई."

मी सोबत गेले होते. मी चळवळीतली, पिशवीत पत्रकं होतीच. उठले आणि सुरू झाले, "रोहूच्या मांसात केसासारखे काटे असतात! तुमचा तो सोललेला तुकडा खाणार कोण? आणि मुंडकं फेकून दिलंत? आमच्या घरात त्याच्यावरून भांडणं होतात!"

"तू चूप बस वं," आत्या म्हणाली. "मासा मी कापून रायली का तू?" मग सरांकडे वळून, "सर, मरळीवर घ्या ना परीक्षा. मरळीले मधातच एक काटा. तिले तुमचा चाकू चालते."

सर म्हणाले, घ्या मरळ.

टेबलावर तीन चाकू होते. आत्यानं धार पाहिलीच नाही. आधी मरळीच्या बादलीत हात घातला, मनगटापर्यंत बुळबुळीत केला आणि मग एकेक मूठ धरून पाहिली. गुळगुळीत लाकडी मुठीचा चाकू हातातल्या हातात फिरला. तो बाजूला. दुसऱ्याचं टोक तिनं पाटावर दाबलं, ते वाकलं आणि वाकलेलंच राहिलं.

"हा तं नव्या सुनेवानी वाकूनच रायला!" बाया खो खो हसल्या.

तिसऱ्याची मूठ रबरी. टोक वाकलं आणि लगेच सरळ झालं. "कोरड्या हातानं चाकू कावून निवडता, सर? कापतानी हात कोरडा रायते का?"

सर हसले आणि स्वतःचा हात बादलीत घातला. तेवढ्यापुरते मला ते आवडले.

उभं राहून तिनं मरळीच्या डोक्यामागून पातं घातलं आणि काट्याला घासत शेपटीपर्यंत नेलं. काट्यावर मांस उरलं नाही. दाखला मिळाला.

माझं मात्र वाटोळं झालं. परक्या चाकूविरुद्ध पत्रक लिहून तयार होतं आणि ही बाई तसाच चाकू विकत घेऊन बसली. "चाकू चांगला हाये माय," ती म्हणाली. "त्यानं तुयं काय केलं?" मी पत्रक फाडलं.

नव्या बाजारातले ओटे कमरेइतके उंच निघाले. बसून कापणाऱ्या बाईला कुणी विचारलंच नव्हतं. तो राग माझा अजून आहे. आत्या विचारत बसली नाही. ओट्यावरच चढली, पोतं अंथरलं, पावशी मांडली. पातळ चाकू शेजारी खिळ्याला, फक्त मरळीसाठी. आता गिऱ्हाईकच मान वर करून बोलतं. अमरावतीहून गेले की मी तिथंच खाली उभी राहून चहा पिते आणि तिचा हात बघत राहते. फार बरं वाटतं.

तुम्हीही जा. 'काटे काढून द्या' म्हणण्याआधी मासा कोणता ते बघा. रोहू असेल तर मुंडकं घरी न्या. आणि पावशी घ्यायची की चाकू, हे ओट्यावर बसलेल्या बाईला ठरवू द्या.