वहिनीच्या गिटारवरचं प्लास्टिक

वहिनी, तुझ्याबद्दल लिहितेय म्हटल्यावर तू म्हणशील, "नावं ठेवायची तर निदान तोंडावर ठेव." नाही ठेवत. राग आहे तो तुझ्या चिरंजीवांवर, आणि तो मी त्याला ऐकवलाय. आता बाकीच्यांनी ऐकावा.

वहिनी घराच्या मागच्या खोलीत मुलांना गिटार शिकवते. लग्नाआधीपासूनची तिची एकच गिटार. तारा छेडायची टिकली, म्हणजे प्लेक्ट्रम, घासून घासून पुढच्या फळीवरचं, भोकाखालचं पॉलिश उडालं आणि पांढुरकं लाकूड दिसू लागलं. लेकाला ते बघवेना. त्याचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. रिमोट, वजनकाटा, फ्रिजची मूठ, दिसेल त्यावर हा प्लास्टिक चिकटवतो. बाप झोपलेला सापडला तर त्यालाही सोडायचा नाही. वहिनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेली आणि इकडे याने गिटारच्या अख्ख्या फळीवर जाड शीट मारलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक बुडबुडा नाही!

घरी आल्या आल्या वहिनीने तार छेडली. थांबली. पुन्हा छेडली.

"हिला काय केलंस?"

"आई, सरप्राइज! आता ओरखडासुद्धा उठणार नाही."

"आवाजही उठत नाहीये, गाढवा! उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखी बोलतेय."

"अगं, लाकूड झिजून आरपार भोक पडलं असतं."

"ही फळी थरथरते म्हणून गिटार वाजते. तू तिच्यावर रजई घातलीस! आणि मला विचारायचं तरी? पट्टी डोळ्यावर होती, तोंडावर नव्हती!"

म्हणे भल्यासाठी केलं. या भल्यासाठीवाल्यांचा मला भारी संताप येतो. विचारलं तर यांचं काय जातं?

तो हिरमुसला आणि तावातावाने शीट ओढायला धावला. वहिनीने त्याचं मनगट धरलं. तसं ओढलं असतं तर उरलंसुरलं पॉलिशही त्याबरोबर निघालं असतं. डॉक्टरांनी तिला वाकायला मनाई केली होती, म्हणून ती खुर्चीत ताठ बसून हुकूम सोडत राहिली आणि लेक केस वाळवायच्या यंत्राने शीट कोमट करत, फळीलगत मागे दुमडत, कणाकणाने सोडवत गेला. त्याला घाम फुटला होता. शेवटी तारा अडकवतात त्या ब्रिजजवळ पॉलिशचा एक टवका उडालाच. पोराचा चेहरा पडला.

वहिनीने टवक्याकडे पाहिलंच नाही. तिने तार छेडली. आवाज पहिल्यासारखा मोकळा, भरदार आला, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. "उद्यापासून क्लास आहे, मुलांना कळव," एवढंच म्हणाली.

झीज थांबवायला हवीच, हे तिलाही पटतं. पण प्लेक्ट्रम लागतो तेवढ्याच जागी, तळहाताएवढा, कांद्याच्या सालीसारखा पातळ तुकडा, तोही हलक्या गोंदाचा. तसा वाद्यांच्या दुकानात मिळतो. "आपण दोघीच जाऊ," ती मला म्हणाली. "याला पाठवलं तर दुकानदारालाच गुंडाळून येईल."

जायचं ठरलं. मग तिचे क्लास आडवे आले, मग माझे गुडघे. लाकूड उघडंच आहे, ती रोज वाजवते, आणि आम्ही अजून गेलेलो नाही.