पोतं चढवण्याआधीचा हात

"वाक, अण्णा. मी आहे मागं."

असं म्हणून आमचे मुकादम पाठीवर तळहात टेकवायचे, आणि मगच पोतं चढायचं. कानडी मुलखातल्या अमरगोळच्या मार्केट यार्डात मी जन्मभर हमाली केली. तुम्ही हमाल बघितले असतील, पण एक ध्यानात आलं नसेल. कितीही ताकदीचा गडी असो, भरलेलं पोतं त्याला स्वतःच्या पाठीवर घेता येत नाही. त्यानं गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचं, मागून दोघांनी चढवायचं. मागं कोण आहे ते दिसत नाही. त्यांचा हात चुकला की कंबर कायमची गेली.

मुकादमांची घरची भाषा कुठली, ते आम्हाला कधी कळलं नाही. टोळीतल्या निंगप्पाशी कानडी, माझ्याशी मराठी, लॉरीवाल्याशी हिंदी. रागावले की तिन्ही एकदम. विचारलं तर म्हणायचे, "आधी शेंगा उतरव की."

एकदा सीमेचा वाद पुन्हा तापला. निंगप्पा माझा जुना जोडीदार, रोज एका बशीत चहा पिणारा. तोच चहाच्या गाड्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमचा मुलूख तिकडं, महाराष्ट्रात. इथं तुम्ही पाहुणे."

मी तिसरी नापास माणूस, पण हे ऐकून घेणारा नव्हे. "माझा आज्जा ह्याच मातीत गेला. पाहुणा कुणाला म्हणतोस रे? आजपासून तुझ्या हाताखाली वाकणार नाही."

"वाकू नको की. चढवतंय कोण तुला?"

झालं. टोळी फुटली. कानडी एकीकडं, आम्ही तिघं मराठी एकीकडं. शेंगांची पोती उघड्यावर, वर आभाळ भरलेलं, व्यापारी ओरडतोय. कुणी हलेना. मी तर मुळीच हलणार नव्हतो.

मुकादम उठले. पोतं वाहणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. डोक्यावर टॉवेल घेतला, आमच्याकडं पाठ केली आणि वाकले.

"चढवा."

"अप्पा, उठा की! मणका जाईल," कुणीतरी मुकादमांना म्हणालं.

"चढवा म्हणतोय. कोण चढवतंय ते मी बघणार नाही."

म्हातारं शरीर तसंच वाकलेलं. मला राहवलं नाही, जाऊन पोत्याचा एक कान, म्हणजे कोपरा, धरला. दुसरा कान निंगप्पानं आधीच धरला होता.

"हे अप्पांच्या पाठीवर नाही द्यायचं," तो नाक वर करूनच म्हणाला.

"नाहीच. मी घेतो."

मुकादम सरळ झाले, माझ्या हातातला कान त्यांनी धरला. मी वाकलो. पाठीवर तळहात टेकला. रोजचा, मुकादमांचा नव्हता, जड होता.

"वाक, अण्णा. मी आहे."

पाठीवर पोतं आलं आणि छातीवरचं उतरलं.

सगळा माल शेडमध्ये गेला. पाऊस आलाच नाही. त्याच्याही शिव्या मुकादमांनी आम्हालाच दिल्या, तिन्ही भाषांत.

गेल्या वर्षी ते गेले. खांदा द्यायला मी पुढं होतो. मागून कानडीत 'चल' म्हणून आवाज आला, "नडी, अण्णा."

मागं वळून न बघता मी चालू लागलो.