टिपणीससाहेबांची शेळी

प्रयोगाच्या शेतावरचा घाला हा राष्ट्राच्या भविष्यावरचा घाला असतो, असं टिपणीससाहेब म्हणत. हे वाक्य ते बांधावर येरझारा घालत म्हणत, आणि ऐकायला बहुधा कोणाची तरी शेळी असे.

पेणच्या खारेपाटातल्या आमच्या लहानशा भात संशोधन केंद्राचे ते प्रमुख आणि मी कारकून. रोह्याहून पहिल्या एसटीने येत, ते थेट शेतात जात. खुर्चीत बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. चहादेखील चालताचालता पीत, त्यामुळे कप बांधावर कुठेही सापडत. उधाणाची भरती असली की त्यांचा जीव खाडीच्या बांधाला टांगलेला. खाऱ्या पाण्यात तगणारं, लवकर पिकणारं एक वाण त्यांनी कित्येक वर्षं निवडत आणलं होतं. ही गोष्ट घडली त्या साली त्याची एकच ओळ उरली होती. बाकीचं खाडीने नेलं होतं.

"बाहेरच्या देशांत याला वेगळा कायदा आहे," ते मला बजावत. "आपल्याकडे कुणी परड्यातली वांगी चोरली काय आणि माझं संशोधन चोरलं काय, कलम एकच!" असा कायदा इथेही व्हावा म्हणून ते सरकारला पत्रं लिहीत. सरकार पोच देई.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब शेतातून धावतच आले. ओळीतली सगळी कणसं कुणीतरी विळ्याने कापून नेली होती. "घातपात!" एवढंच म्हणाले आणि पोलिसांना फोन लावला. कधी बियाणे कंपन्यांचा संशय, कधी शेजारच्या केंद्राचा. हवालदार येईपर्यंत त्यांनी अंगण तुडवून काढलं.

हवालदार पडवीत कागद घेऊन बसले. "किती किलो गेलं?"

"किलो? अहो, मूठभर! पण जगात तेवढंच होतं!"

"मूठभर," हवालदारांनी लिहिलं. "माल सापडला तर सील करून ठाण्यात ठेवू. निकाल लागेपर्यंत."

"निकाल कधी लागतो?"

"लागतो कधीतरी. उंदीर आहेत आमच्याकडे, पण सील पक्कं असतं." मग मान वर करून ते म्हणाले, "तोरण झकास आहे हो. नवं आलं वाटतं तुमच्याकडे? आमच्या गावात भात अजून हिरवंच आहे."

साहेबांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. दारावर आंब्याची पानं, झेंडू आणि भाताची पिवळीधमक कणसं. त्यांत साहेबांच्या अक्षरातली, वाणाच्या नावाची चिठ्ठी लोंबत होती.

रोजावर कामाला येणारी रंजना दाराशीच उभी होती. ती हळूच म्हणाली, "दसऱ्याला नवं नाय बांधायचं व्हय, सायेब? पयलं पिकलं ते देवाचं. कुठंच पिकलं नव्हतं, म्हून... आन् चिठ्ठी तशीच ठेवलीय. तुमीच सांगलेलं, चिठ्ठी काढायची नाय."

हवालदार लिहीतच होते. "काय म्हणते ही?"

साहेब त्या दिवशी प्रथमच एका जागी उभे राहिले. ज्या गुन्ह्यासाठी त्यांना कायदा हवा होता, तो मुद्देमालासकट डोक्यावर टांगलेला होता आणि आरोपी दाराशी उभी होती.

"काही नाही," ते म्हणाले. "शेळीने खाल्लं असावं."

"विळ्याने कापलंय म्हणालात ना?"

"माझी चूक. शेळीच."

"कोणाची?"

"अज्ञात."

हवालदार गेल्यावर साहेबांनी स्टुलावर चढून तोरण उतरवलं, आणि रंजनाकडे न बघता म्हणाले, "पुढच्या साली आधी मला विचार गो बाई." दाणे त्यांनी रुमालात बांधले आणि पुढच्या पावसाळ्यात स्वतःच पेरले. सरकारला पत्रं मात्र चालूच राहिली.

गेल्या वर्षी रोह्यात ते वारले. खारेपाटात त्यांचं भात आता बऱ्याच बांधांपर्यंत पोचलं आहे. पोलिसांच्या लेखी ते एका अज्ञात शेळीने खाल्लेलं आहे.