वालदेवीच्या पुलावरचा आवाज

आमच्या घरात दोन गोष्टींना पाय लावायचा नाही, असा बाबांचा दंडक होता: पुस्तकाला आणि मोटारसायकलला. "अहो, बसताना पाय लागतोच की," असं आईने एकदा सुनावलं, तर म्हणाले, "म्हणून तर आधी नमस्कार करतो!"

गाडी पन्नास सालच्या आसपासची, विलायती, शर्यतीची. बाबा देवळाली कॅम्पात एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. तिथला एक साहेब बदली होऊन जाताना ती त्यांच्या हवाली करून गेला. एकच जाडजूड सिलिंडर, लांबलचक चकचकीत टाकी आणि हँडल इतकं खाली की चालवणाऱ्याचं पोट टाकीला टेकावं. मी पुढे पुष्कळ गाड्या पाहिल्या, पण उभ्या जागी पळतेय असं वाटणारी दुसरी पाहिली नाही.

आणि तिला किकच नव्हती. गिअर टाकून, क्लच दाबून ढकलत पळायचं आणि वेग आला की सीटवर दाणकन बसून क्लच सोडायचा. दर रविवारी ढकलायला आळी हजर असायची, "नवरदेव निघाले!" म्हणून चिडवायची. मग पहिला दणका व्हायचा आणि सगळे एकदम गप्प. मी नेहमी बघणारी, तरी माझ्याही अंगावर काटा यायचा.

दसऱ्याला बाबा हिच्यावरूनच सीमोल्लंघन करायचे. झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा, वालदेवीचा पूल ओलांडायचा आणि पलीकडून आपट्याची पानं घेऊन यायचं. परतल्यावर आई दारात ओवाळायची. हा नेम कधी चुकला नव्हता.

मी कॉलेजात असताना एका पावसाळ्यात बाबांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी गाडी ढकलणंच काय, तिच्यावर बसणंही बंद केलं. बाबा घरी आले ते बोलणं हरवूनच. दोन घास खायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. गाडी पुसायचंही त्यांनी सोडलं, तेव्हा मात्र मी घाबरले. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत चाललाय, असं मला वाटायला लागलं.

दसऱ्याच्या सकाळी मी म्हटलं, "गाडी मी नेते." बाबांनीच मला मैदानावर ती शिकवली होती, पण रस्त्यावर मी कधी नेली नव्हती.

"अगं, ती गाडी आहे का तोफ!" आई म्हणाली. "पडलीस म्हणजे?"

बाबा उठून बसले. म्हणाले, "दुसऱ्या गिअरमध्ये टाक. आणि क्लच सोडताना भिऊ नकोस."

ओढणी कमरेला बांधली. आळीने ढकललं. पहिल्यांदा नुसतीच खोकली. दुसऱ्यांदा मी डोळे मिटून क्लच सोडला आणि ती अशी गरजली की ढकलणारे मागच्या मागे राहिले. पुलावर पोहोचेपर्यंत माझं भय कुठे गळून पडलं, कळलं नाही. खाली वालदेवी, समोर मोकळा रस्ता आणि पोटाखाली तो प्रचंड, शिस्तीत चाललेला जीव. इतकी ताकद आपल्या मनगटाचं ऐकतेय, याचंच नवल वाटत होतं. बाबा दर रविवारी नमस्कार का करायचे, ते त्या दिवशी कळलं.

पानं घेऊन परतले तर बाबा ओट्यावर येऊन बसलेले. डोळे भरलेले. आईने मला ओवाळलं. मी बाबांच्या हातात सोनं दिलं.

"इतकी वर्षं मी हिच्यावर बसून होतो," ते म्हणाले. "लांबून ही अशी ऐकू येते, हे मला माहीतच नव्हतं. पुलावर आलीस ना, तेव्हा तर..."

आई निरांजन सावरत म्हणाली, "मला माहितीये की. तुम्ही परतताना पुलावर हा आवाज आला की माझा जीव भांड्यात पडायचा. मग तवा ठेवायचे."

एवढं बोलून ती आत गेली आणि तिने तवा ठेवला. बाबांनी त्या दिवशी पोळी मागून घेतली.