व्हॅकभाऊंची थापड

झाडीपट्टीच्या नाटकांत मी बारा हंगाम मार खाल्ला, पण लोकांसमोर एकदाही मला लागलं नाही. सगळं श्रेय व्हॅकभाऊंचं. खलनायकाचा हात माझ्या गालापासून वीतभर लांबून जायचा आणि स्टेजच्या बाजूला बसलेले भाऊ नेमकी तेव्हाच ऑक्टोपॅडवर काठी हाणायचे. प्रेक्षकांत मागे बसलेल्या बाया स्वतःचाच गाल धरायच्या.

'व्हॅक' हा इंग्रजी शब्द त्यांच्या लेकीनं शब्दकोशातून काढून त्या पॅडवर चिकटवला होता. हाणणं, हाणल्याचा आवाज, एकदा करून पाहणं, थकून जाणं, बिघडणं, असे सगळे अर्थ तिनंच वाचून दाखवले. भाऊंनी एकही वाया घालवला नाही. नवी चाल बसवायची तर "एक व्हॅक देऊन पाहू." वडशाहून निघालेली आमच्या कंपनीची गाडी प्रयोगाच्या गावात पोचली की "मी तं व्हॅक झालो." पेटीचा सूर हलला किंवा भाजीत मीठ जास्त पडलं, तर दोन्ही 'आउट ऑफ व्हॅक'. सातवी नापास माणसाचं इंग्रजी आम्हा सगळ्यांना पुरून उरायचं.

एका वर्षी नवा खलनायक आला. खऱ्या थापडीला टाळ्या जास्त पडतात, हे त्याचं शास्त्र. तालमीत त्यानं मला खरंच मारली आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. भाऊंनी काठी खाली ठेवली. "मारायचं काम माहं हाय," ते त्याला म्हणाले. "तू फक्त वारा घाल." मग माझ्याकडे वळले. "हाताकडे पाहूच नको, बाई. डोळे मिट. माहा आवाज आला का वळ."

तेव्हापासून मी डोळे मिटूनच मार खाल्ला.

गेल्या हंगामात कुरखेड्याकडे प्रयोग होता. भाऊंना कमी ऐकू येऊ लागलं होतं, पण त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. खलनायकाचं वाक्य त्यांना अर्धंच कळलं आणि थापड आधीच वाजली. त्याचा हात अजून खिशात, आणि मी गरकन फिरून आडवी. मंडप हसून लोटपोट. पडद्यामागे मलाही हसू आवरेना. भाऊ मात्र हसले नाहीत.

"त्याचा हात खिशात होता. तू पडली काऊन?"

"तुमचा आवाज आला ना, भाऊ."

ते बराच वेळ काठी पुसत राहिले. "आज लवकर वाजला. उद्या उशिरा वाजला, तं तू डोळे मिटून उभी राहशीन अन् हात येऊन जाईन."

यंदाच्या हंगामाला ते आलेच नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन विनवलं, चहा प्यायले, परत आले. नवा वादक चांगला आहे, वेळ चुकवत नाही. तरी भाऊंची फार आठवण येते. माझे डोळे आता मिटत नाहीत. इतक्या वर्षांनी पुन्हा मला तो हात येताना दिसतो.