अंदमानला न गेलेले लाडू

शिर्डीहून बेलापूरकडे जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा होता आणि दोन्ही हात झाकणावर. लेक अंदमानातल्या एका बेटावर, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण असूनही तिला माहेरी येता आलं नाही, म्हणून आईच निघाली होती. शिर्डीच्या विमानतळावर जावयाचा फोन आला, की चक्रीवादळ येतंय, बेटावर जाणाऱ्या बोटी बंद झाल्यात; म्हणून ती तिथूनच घरी परत निघाली होती.

मी असते, तर निदान पोर्ट ब्लेअर गाठलं असतं. म्हणून विचारलं, "विमान तर चालू होतं ना?"

"व्हय. पर मदीच अडकले, तर तिनं बाळाकडं बघायचं का माझी काळजी करायची?"

उतरताना तिनं एक लाडू माझ्या हातावर ठेवला.

"खावा. वादळ सरलं की तिला ताजे वळून नेते."